अजून चोथो जावक नाय

आठ-नऊ वर्षांची असताना मी एक गोष्ट वाया घालवायला निघाले होते आणि आईने मला दारातून परत फिरवलं. वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी त्या दिवशी शिरवाळ्या (तांदळाच्या शेवया) करायच्या होत्या, म्हणजे बरोबर नारळाचा गोड रस हवाच. आईने दोन नारळ खवले, पाट्यावर पाणी शिंपडत बारीक वाटले आणि धुवून धुवून मऊ झालेल्या पंच्याच्या तुकड्यात तो लगदा बांधून पिळला. सायीसारखं दाट दूध पातेल्यात पडलं. काम झालं असं समजून मी फडक्यातला उरलेला गोळा उचलला आणि परसात कोंबड्यांकडे निघाले.

"खंय चललंस तां घेऊन?"

"कोंबड्यांका. चोथो तो."

"टाकू नको गो. अजून चोथो जावक नाय."

म्हणजे चोथा अजून झालाच नव्हता. तिने गोळा परत पाट्यावर घेतला, वर वाटीभर कोमट पाणी घातलं आणि वरवंटा फिरवला. मग पुन्हा फडकं, पुन्हा पीळ. या वेळचं दूध पातळ होतं. तिसऱ्यांदा तेच. तेव्हा तिने फडक्याला आधी उजवीकडे आणि मग उलटा पीळ दिला. फडकं करकर वाजलं, तिच्या मनगटाच्या शिरा वर आल्या आणि तांदळाच्या धुवणासारखं निळसर पाणी थेंब थेंब करत खाली आलं. मग तिने फडकं उलगडलं आणि आतली चिमूट माझ्या तळहातावर ठेवली. ओशटपणा गेला होता. बोटांनी चोळलं तर लाकडाच्या भुशासारखं कुसकुशीत लागत होतं. फुंकर मारली असती तर उडालं असतं.

"ह्याका म्हणतत चोथो," आई म्हणाली. "आता घाल कोंबड्यांका."

नंतर आयुष्यात बरेच शब्द शिकले, पण इतक्या पक्केपणी, हातावर ठेवून, फार थोडे कुणी शिकवले. तोवर मला वाटायचं की एकदा पिळलं की खाली उरतो तो चोथा. त्या दिवशी कळलं की तिसऱ्या पिळापर्यंत त्याला खोबरंच म्हणायचं असतं.

मराठीत उरलेल्या वस्तूंना नावांची ददात नाही. साल, टरफल, फोल, कोंडा, तूस, कणी, चुणी, गाळ, साका, पेंड, बेरी, खरवड, चिंधी, भुसा, पाचट, धसकट. नुसती नावं घेतली तरी स्वयंपाकघर, माजघर, खळं आणि शेत डोळ्यांपुढून जातं. पण या सगळ्यांत चोथा वेगळा आहे. साल वरून निघते. कोंडा पाखडून निघतो. गाळ तळाशी बसतो. वस्तू एकीकडे आणि हे दुसरीकडे, असा तो मामला असतो. चोथ्याचं तसं नाही. चोथा हा त्या वस्तूचा गाभाच असतो. जे खोबरं आपण विळीवर बसून खवलं, ज्याच्यासाठी नारळ फोडला, तेच ते. फक्त त्यातलं जे हवं होतं ते आपण काढून घेतलेलं असतं. म्हणून चोथा हा शब्द उच्चारला की दोन गोष्टी एकदम येतात: काहीतरी उरलंय, आणि त्यातून कुणीतरी काहीतरी घेतलंय. कचरा म्हटलं की त्यातली दुसरी गोष्ट पुसली जाते. मला म्हणूनच नारळाच्या चोथ्याला कुणी कचरा म्हटलेलं आवडत नाही.

आणि तो होतो तरी किती तऱ्हांनी! पिळून होतो, तसा उकळून होतो. काढा गाळला की सुंठ-गवती चहा-तुळशीचा चोथा. शिकेकाई-रिठे उकळून पाणी गाळलं की त्यांचा चोथा. आमच्याकडे तो न्हाणीघरातच ठेवायचे आणि त्याने घंघाळ घासायचे, तांबं लखलखायचं. चावूनही होतो. विडा रंगवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गालात तो असायचा. चहाचा चोथा तर रोज सकाळी प्रत्येक मराठी घरात गाळण्यात पडतो आणि गुलाबाची वाट धरतो. (तो आधी पाण्याखाली धुवावा. साखर-दुधासकट टाकला की मुंग्या येतात आणि गुलाबाचं भलं व्हायचं राहून जातं. ही माझी पंधरा वर्षांची कमाई आहे, म्हणून सांगितली.)

बेरीला मात्र कुणी चोथा म्हणणार नाही. लोणी कढवल्यावर तळाशी राहणारी ती तांबूस, खरपूस बेरी. तीही उरलेलीच, पण तिच्यावर साखर घालून खायला आम्ही भावंडं भांडायचो. तिची चव तिला जाळाने दिलेली असते, लोण्याकडे ती नव्हती. चोथ्याच्या वाट्याला असलं भाग्य येत नाही. तो देऊन बसलेला असतो.

आमच्या वाडीत मला आणखी एक गोष्ट दिसायची, तिचा अर्थ खूप उशिरा लागला. उन्हाळ्यात काजूच्या बागेत बोंडांचा सडा पडायचा. लालपिवळी, रसाने फुटायला आलेली बोंडं. आम्ही बी पिळवटून घ्यायचो आणि बोंड तिथंच टाकून द्यायचो. त्यात संत्र्याहून जास्त क जीवनसत्त्व असतं म्हणतात, पण ते दिवसभरही धड टिकत नाही, संध्याकाळपर्यंत त्याला आंबूस वास सुटतो. थोडं खाली गोव्यात उतरलं की तीच बोंडं वेचून चेचतात, रस काढतात, त्याची फेणी होते, आणि मग तिथं त्याच बोंडांचा चोथा पडतो. आमच्या बागेत बोंडाला चोथा व्हायचाही मान मिळाला नाही. रस असताना ते टाकलं गेलं, कारण आम्ही बीसाठी गेलो होतो. कोकमाचं त्याच्या उलट. तिथं साल हवी, आमसुलासाठी. बिया उरतात. पण त्या बिया वाळवून त्यातून कोकमाचं तेल काढणाऱ्या बायका आमच्या गावात होत्या, त्याचे मुठीएवढे गोळे व्हायचे, त्याला मुठेल म्हणायचे. थंडीत आजीच्या पायांच्या भेगांत तेच कोमट करून भरायचं. तेव्हा उरलेलं म्हणजे काय, हे त्या फळात लिहिलेलं नसतं. तुम्ही काय मागायला आलात आणि किती वेळ बसायची तुमची तयारी आहे, यावर ते ठरतं.

लग्न होऊन मी घाट चढून वर आले, पंचगंगेच्या काठच्या एका गावात. सासरी नारळ सणासुदीला, बाकी सगळा ऊस. पहिल्याच हिवाळ्यात आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, चुलतभावाच्या गुऱ्हाळावर गेले. लांबूनच गोडसर धुराचा वास येत होता. चरकात एका बाजूने ऊस जात होता, रस पन्हळीतून टाकीत पडत होता आणि दुसऱ्या बाजूने चेचलेल्या उसाच्या लांब लांब पट्ट्या बाहेर येत होत्या. बायका त्या कवेत घेऊन अंगणभर पसरत होत्या. मी आपलं माझ्या माहितीतल्या शब्दाने विचारलं, "एवढ्या चोथ्याचं काय करता?"

चुलत सासूबाई हसल्या. "चोथा न्हवं गं. चिपाड."

बरोबर होतं त्यांचं. चोथा मुठीत मावतो. चिपाडाला लांबी राहते, ऊस असल्याची खूण राहते. दाताने सोललेल्या उसाचा तोंडात उरतो तो चोथा, चरकातून निघतं ते चिपाड. भाषा इतकी नेमकी असते आणि आपण तिला सैल धरतो, असं मला तेव्हा वाटलं होतं. अजून वाटतं.

त्या चिपाडाचं पुढं काय होतं ते पाहिलं आणि मी तिथून हललेच नाही. एक-दोन उन्हं खाऊन ते कोरडंठाक झालं की जळव्या ते चुलवाणात घालतो. त्याच जाळावर वर काहिलीत त्याच उसाचा रस उकळत असतो. लाकूड नाही, कोळसा नाही. उसाला गूळ व्हायला जी आग लागते ती उसानेच पुरवायची. काहिलीजवळ गुळव्या उभा असतो, फेसाचा रंग बघत, रानभेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढत. त्याला खालचा जाळ दिसत नाही. खाली बसलेल्या जळव्याला वरचा रस दिसत नाही. वरून हाक येते, "जाळ बारीक कर!" आणि खालचा माणूस मुठीतलं चिपाड आखडता घेतो. रात्र झाली होती. त्याच्या तोंडावर तांबडा उजेड हलत होता आणि हात घड्याळाच्या लंबकासारखा मागे-पुढे होत होता, मूठ, जाळ, मूठ, जाळ. दोन-अडीच तासांनी आदण उतरलं, वाफ्यात ओतलं, लाकडी हत्यारांनी घोटलं आणि गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरायला घेतले.

यामुळे पेपरात "चर्चेचं गुऱ्हाळ" असा मथळा वाचला की मला मनापासून वाईट वाटतं. नुसती बडबड, निष्पत्ती शून्य, या अर्थाने आपण तो शब्द वापरतो. अहो, गुऱ्हाळ रात्रंदिवस चालतं ते खरं, पण दर आदणाला त्यातून गूळ निघतो! ज्या चर्चेतून काहीच निघत नाही तिला गुऱ्हाळ म्हणणं हा त्या जळव्यावर अन्याय आहे. चोथ्याचा वाक्प्रचार मात्र चपखल आहे. "विषय चावून चावून पार चोथा झालाय" असं म्हणताना आपण खरोखर दाताखालचा ऊस आठवत असतो. संस्कृताळलेल्या लोकांनी त्याला चर्वितचर्वण म्हटलं, म्हणजे चावलेलंच पुन्हा चावणं. अर्थ तोच, पण त्या शब्दात नुसता जबड्याचा व्यायाम ऐकू येतो. चोथा म्हटलं की रस होता हे ऐकू येतं.

अजून एक बारकावा. माणूस खंगला की आपण "पार चिपाड झालंय अंगाचं" म्हणतो. चोथा झालाय, असं माणसाच्या अंगाला म्हणत नाही. शरीराला चिपाड, विषयाला चोथा. ही वाटणी कुणी बसून केलेली नाही, पण बघा, चिपाडाला आकार राहतो, माणसालाही राहतो.

घाटावरचा ऊस आता बराचसा गुऱ्हाळाकडे जात नाही, कारखान्याकडे जातो. प्रवरानगरला 1950-51 च्या हंगामात सहकारी कारखान्याची चाकं फिरली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रातल्या नदीकाठांवर धुराड्यांची रांगच उभी राहिली. आबा आमच्या भागातल्या एका कारखान्यात मिल हाऊसमध्ये फिटर होते. तीसहून जास्त गळीत हंगाम त्यांनी तिथं काढले. तिथं चिपाड हा शब्द नाही. तिथं त्याला बगॅस म्हणतात, किंवा कामगारांच्या तोंडी नुसता भुसा. कारण उसाचे आधीच चाकूंनी तुकडे झालेले असतात, फायबरायझरने ते पिंजलेले असतात, मिलमधून बाहेर येईपर्यंत उसाची कुठलीच खूण त्यात राहिलेली नसते.

आबांनी एकदा मला हिशेब सांगितला आणि मी तो वहीत लिहून ठेवला. एक टन ऊस गव्हाणीत टाकला की साखर निघते शंभर ते सव्वाशे किलो. आणि भुसा? पावणेतीनशे ते तीनशे किलो. साखरेच्या दुपटीहून जास्त. आपण त्याला साखर कारखाना म्हणतो ते आपल्याला साखर हवी असते म्हणून. वजनकाट्याला विचारलं तर तो भुशाचा कारखाना आहे. तोच भुसा बॉयलरमध्ये जळतो, त्याची वाफ मिल फिरवते, रस आटवते, वीज करते. उरलेली वीज आता कितीतरी कारखाने बाहेर विकतात. गुऱ्हाळातला जळव्याच तो, फक्त पन्नास फूट उंच झालेला.

त्याचा त्रासही आम्ही सोसलाय, ते लपवून ठेवायचं कारण नाही. हंगामात वारं आमच्या बाजूचं असलं की धुराड्यातून उडालेले भुशाचे काळे, हलके कण वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसायचे. झटकले तर जायचे, हात लावला तर काळा ओरखडा उठायचा. सासूबाई पांढरी धोतरं रात्रीच वाळत घालायच्या आणि पहाटे काढून घ्यायच्या. लहान पोरांच्या डोळ्यांत ते कण जायचे. गावाने अर्ज केले, कारखान्याने ऐकून घेतलं, कण येत राहिले. पुढं बऱ्याच वर्षांनी तिथं धूर गाळणारी यंत्रणा बसली तेव्हा ते कमी झालं. तोवर उरलेल्याचंही उरलेलं असतं आणि ते कुणाच्या तरी अंगणात पडतंच, हे आम्ही रोज झाडून काढत होतो.

मधल्या काळात चोथा माझ्याकडे एका निराळ्याच वाटेने परत आला. पंचेचाळिशीत रक्तातली साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद बघितले, चष्मा काढला आणि म्हणाले, "आहारात चोथा वाढवा." मला क्षणभर आईचं फडकंच दिसलं. ते फायबरबद्दल बोलत होते. शाळेच्या पुस्तकात त्याला तंतुमय पदार्थ म्हटलेलं होतं, आरोग्याच्या सदरांत चोथायुक्त आहार म्हणतात. रोज 25-30 ग्रॅम तरी पोटात जायला हवा, म्हणाले. रस पिऊ नका, फळ खा. रस पटकन रक्तात उतरतो. चोथ्यासकट खाल्लं की साखर सावकाश चढते, कारण तो तिला धरून ठेवतो. पिठातला कोंडा चाळू नका. पालेभाज्यांची कोवळी देठं टाकू नका.

घरी येताना बसमध्ये मी त्या एका वाक्यावरच विचार करत होते. तो तिला धरून ठेवतो. तिसऱ्या पिळानंतर तळहातावर आलेली ती कोरडी चिमूट, जिच्यात काही नाही असं आई म्हणाली होती, तिचंही काम होतं. पोटात गेल्यावर ती पचत नाही म्हणून तर उपयोगी. हे आईला माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण चोथा फेकायचा जीव तिला होत नव्हता. कोंबड्यांना घालून उरला की ती तो उन्हात वाळवायची आणि लसूण, लाल तिखट, मीठ घालून तव्यावर परतायची. भाकरीबरोबर छान लागायची ती चटणी. मी आता सोलकढी करते तेव्हा मिक्सरच्या भांड्यात उरतं त्याची तशीच चटणी करते. मुलगी म्हणते कोरडी लागते. लागते खरी. मी वर थोडं तेल सोडते.

या मुलीवरूनच हे सगळं लिहायला बसले.

आबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सासूबाई जाऊन सात वर्षं झाली. संध्याकाळी दिवा लावला की ते ओसरीवर बसतात आणि गोष्ट सांगतात. गोष्ट एकच. जानेवारीतली रात्र, हंगाम भरात, बाहेर डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरची रांग. उसाबरोबर कुठल्याशा ट्रॉलीचा लोखंडी बोल्ट आत आला आणि दुसऱ्या मिलच्या रोलरखाली गेला. "असा आवाज झाला, असा आवाज झाला की पायाखालची फरशी हालली." मग मिल बंद. मग चेन ब्लॉक लावून वरचा रोलर उचलला, आबा आणि आणखी तिघं फिटर रात्रभर, आणि पहाटे चार वाजता मिल पुन्हा फिरली. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येकाला पाठ आहे. कुठल्या वाक्याला ते पायावर थाप मारणार तेसुद्धा.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ती सुरू केली आणि माझी लेक, अकरावीत आहे, मोबाईलवरून मान वर न करता बोलून गेली, "आबा, ह्या गोष्टीचा आता पार चोथा झालाय."

मी आत भाकरी थापत होते. हात पिठात तसाच राहिला. शब्द तिने माझ्याकडूनच उचललेला होता, म्हणून जास्त लागला. बाहेर काही क्षण कुणीच बोललं नाही. मग आबांचा आवाज आला. रागाचा नव्हता. कामावर असताना एखाद्या शिकाऊ पोराला विचारावं तसा होता.

"कितव्या मिलचा?"

"काय?"

"चोथा म्हणतीस न्हवं? कितव्या मिलचा? पहिल्या मिलमधनं निघतंय त्याला कोण चोथा म्हणत नसतंय. म्होरं अजून चार मिल हाईत."

आणि त्यांनी तिला बसवून समजावलं. तीस वर्षं संसार करून मी ते कधी विचारलं नव्हतं. पाच मिल एकापुढे एक असतात, प्रत्येकीत तीन रोलर. पहिली मिल सगळ्यात जास्त रस काढते. दुसरीत कमी, तिसरीत आणखी कमी. "आता बघ हं. भुसा कितीबी दाबलास, अगदी लोखंडाखाली दाबलास, तरी निम्मी वल त्यात ऱ्हातीच. त्या वलीत साखर असती. ती दाबून भाईर येत न्हाई. रोलर मोडंल पर ती येणार न्हाई."

"मग?"

"मग पाणी मारायचं. कढत पाणी. शेवटच्या मिलच्या तोंडाला भुशावर पाणी सोडत्यात, इंबिबिशन म्हणत्यात त्याला. पाणी आत शिरतंय, साखर त्यात उतरती, मग दाबलं की ती पाण्यासंगं भाईर. त्यो पातळ रस मागच्या मिलच्या भुशावर सोडायचा. त्याचा निघंल त्यो त्याच्या मागच्या. असं उलटं चालतंय ते. भुसा म्होरं जातोय, पाणी माघारी येतंय."

"मग सगळी साखर निघते?"

"न्हाई. दोन टक्क्याच्या आसपास ऱ्हातीच. ती जळती बॉयलरात. पर ती आपल्या हातातली न्हाई."

मी उंबऱ्यात येऊन उभी राहिले होते. माझ्यापुढे वेंगुर्ल्याचा पाटा होता आणि त्यावर वाटीभर कोमट पाणी ओतणारी आई. दोघांनी एकमेकांना आयुष्यात चार-पाच वेळा पाहिलं असेल, विहीणव्याह्यांच्या रीतीनं, मान खाली घालून. एकमेकांची भाषासुद्धा त्यांना धड कळायची नाही. रात्री मी आईला फोन करून हे सगळं सांगितलं. कारखाना, पाच मिल, कढत पाणी. तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही.

"मगे?" ती म्हणाली. "कोमट पाणी नाय घातलां तर दुसरां दूध येतला कसां?"

दिवाळी संपायच्या आदल्या संध्याकाळी वीज गेली. ओसरीवर कंदील ठेवला. मोबाईलची बॅटरी संपलेली होती, म्हणून असेल किंवा नसेल, लेक आबांच्या पायाशी येऊन बसली. आबांनी सुरुवात केली, जानेवारी, रांग, बोल्ट. पायाखालची फरशी हालली. चेन ब्लॉकपर्यंत आले तेव्हा तिने मध्येच विचारलं,

"आबा, त्या रात्री तुम्ही जेवला होता का?"

आबा थांबले. या जागी त्यांना कधी कुणी थांबवलं नव्हतं.

"जेवलो की. डबा आलता."

"कुणी आणला?"

बराच वेळ त्यांनी कंदिलाकडे बघितलं.

"तुझ्या आजीनं."

हंगामात कारखान्याची घरघर रात्रंदिवस गावावर असते. तिची इतकी सवय होते की ती ऐकूच येत नाही. बंद पडली की गाव जागं होतं. सासूबाईंना त्या रात्री शांततेनं जाग आली. मिल थांबली म्हणजे हा माणूस आता सकाळशिवाय घरी येत नाही, हे त्यांनी ओळखलं. चूल पेटवून ताज्या भाकऱ्या केल्या आणि शेजारच्या पोराला बॅटरी घेऊन बरोबर घेतलं, कॅनॉलच्या वाटेने दीड मैल चालत गेल्या. रखवालदाराने आत सोडलं नाही. मग वजनकाट्याजवळ ऊसतोडीच्या बायका शेकोटी करून बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसल्या. आबा बाहेर आले तेव्हा एक वाजून गेला होता.

"हात काळे. ग्रीस कोपरापतूर. धुवायला गेलो तर टाकीचं पाणी बर्फ. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या. आन् तिनं भाकरी मोडली, आन् सगळ्या बायकांम्होरं..."

ते पुढचं बोलले नाहीत. उजवा हात उचलून त्यांनी फक्त तोंडाजवळ नेला.

लेक हलली नाही. कंदिलाची वात तिने जराशी वर केली.

"डब्यात काय होतं, आबा?"

"भाकरी हुती. आन्..." त्यांनी डोळे मिटले. "थांब जरा. आठवू दे."